बारावा माग

माझ्या हाताला झटका बसला आणि कपातला चहा सुनेत्राच्या पडद्यावर गेला. मंगळवारची सकाळ होती, दहा वाजून गेले होते. बाहेर एनस्खेडे ह्या डच गावाचं नेहमीचं राखाडी आभाळ होतं आणि मी खिडकीशी खुर्चीत बसून खालून जाणाऱ्या सायकलींकडे बघत होतो. सुनेत्राच्या कामाच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आतून यंत्रमागांचा आवाज येत होता. तो मागांचा आहे हे मला आदल्या दिवसापासून ठाऊक होतं, मी आनंदानं ऐकत होतो, माझं लक्ष आवाजाकडे होतं आणि नव्हतंही, जसं शेडमध्ये चौतीस वर्षं होतं. बारा माग आणि त्यांच्या मधून घोगऱ्या आवाजाची चार तंतुवाद्यं. मग त्या आवाजात काहीतरी झालं, आणि माझा उजवा हात मला न विचारता खाली गेला, मूठ वळली. जिथे माग थांबवायचा दांडा असायला हवा होता तिथे कप होता.

"काय झालं?" माझी बायको, लीला, स्वयंपाकघरातून म्हणाली.

"कांडी संपली," मी म्हणालो.

ती पदराला हात पुसत आली. आधी पडदा बघितला, मग मला. "तुमची शेवटची कांडी संपून बारा वर्षं झाली. पडदा मात्र परवाच धुतला होता."

मी इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होतो. जॉबर म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. अठ्ठेचाळीस मागांच्या शेडमध्ये कुठला कण्हतो आहे हे दारातूनच कळायला लागतं, नाहीतर त्या माणसाला जॉबर म्हणत नाहीत. त्यापायी कान गेले. म्हणजे माणसांचे आवाज गेले. पक्षी, दाराची घंटा, नातेवाइकांचं फोनवरचं बोलणं, हे सगळं गेलं. कानात यंत्र घातलं की लोक पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे येतात. पण मागाचा आवाज जिथे राहतो तो कोपरा शाबूत आहे. डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला होता, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. डोंगराकडे बोट दाखवून मी म्हणालो, इथे आमची शेड आहे. ते हसले नाहीत. शेडमध्ये तसंही कुणी कुणाचं ऐकत नसे. आम्ही ओठ वाचायचो. लीला कांड्या, म्हणजे धोट्यात बसणारी सुताची रिळं, भरायच्या मशीनवर, मी चाळीस हात लांब, मधे सगळा गोंगाट, आणि ती ओठांनी विचारायची, आमटी की पिठलं? मी ओठांनी सांगायचो. अक्षरं मी नंतर वाचायला शिकलो, सेहेचाळिसाव्या वर्षी, रविवार दुपारच्या वर्गात, माझ्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या सुचित्राबाईंकडून. पहिल्या दिवशी मी म्हणालो, मला 'जॉबर' लिहायला शिकवा. त्या म्हणाल्या, तो शब्द पुस्तकात फार पुढे आहे. मी सात महिने थांबलो.

पडद्याचं सुनेत्राला सांगायला मी तिच्या दारात गेलो तर ती आवाज थांबवून माझ्याकडेच बघत होती. सुनेत्रा माझी सून. पुण्यात ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत काम करायची. ओमकारला इथल्या विद्यापीठात जागा मिळाली तेव्हा त्याची बायको म्हणून आली, दोन वर्षं डच भाषेच्या वर्गाला गेली, घरात पोळ्या केल्या, आणि मग एक दिवस खेमेन्तेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, जाऊन स्वतःच्या नावावर काम नोंदवून आली. जुन्या टेपा दुरुस्त करायचं काम. त्यांच्यावरची धूळ, करकर, पडलेल्या खाचा ती आवाजातून काढते. मला ते चटकन समजलं होतं. तीही जॉबरच.

"बाबा, काय सांडलं?"

"चहा. पण तो तुझा बारावा माग रिकामा चाललाय."

"कुठला बारावा?"

"भिंतीजवळचा. त्याचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. आत्तापर्यंत कापड विणत होता. आता धोटा नुसता पळतोय, मागे धागा नाही."

तिनं टेप थोडी मागे नेली. मग स्टूल पुढे सरकवलं. "बसा. आणि हळू सांगा. कारण ही जागा बिघडलेली आहे म्हणून मला दुरुस्त करायला दिलीय, आणि गुरुवारी बाई स्वतः ऐकायला येणार आहेत."

बाई म्हणजे मिरियम हॅझलटन. मी त्या वेळेपर्यंत त्यांच्याबद्दल एवढंच ऐकलं होतं की अमेरिकन आहेत, संगीत रचतात, वय अठ्ठ्याहत्तर, आणि या आठवड्यात एनस्खेडेच्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम आहे. ॲमस्टरडॅममधली एक छोटी कंपनी त्यांची आजवरची सगळी ध्वनिमुद्रणं एका खोक्यात घालून काढणार होती. अकरा तबकड्या. सुनेत्राचं नाव पहिल्यांदाच कशावर तरी छापून येणार होतं. दहा तबकड्या तयार होत्या. राहिली होती ती सर्वांत पहिली, पन्नास वर्षांपूर्वीची, कधीच बाहेर न आलेली. मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावातली गिरणी बंद होणार होती, तिच्या शेवटच्या दिवशी अठ्ठावीस वर्षांच्या मिरियमबाईंनी बारा माग आणि चार वादक घेऊन बावीस मिनिटांची रचना तिथेच मुद्रित केली. शेवटची नऊ मिनिटं टेपनं दगा दिला, आवाज विरत गेला, म्हणून त्यांनी ती पेटीत टाकली ती टाकलीच. आता त्यांनीच कळवलं होतं, नव्या तंत्रानं जमलं तर ती नऊ मिनिटं बदला, आधीच्या भागातला चांगला आवाज उचलून तिथे लावा. नाही जमलं तर ही तबकडी गाळा.

"टेप ताणली गेली की असंच होतं, बाबा. पातळ होतो आवाज."

"टेप ताणली तर सगळे बारा माग पातळ व्हायला हवेत. अकरा आहेत तसेच आहेत."

"पण वाद्यंही पातळ झालीयेत ना."

"ती कुणाच्या तालावर वाजवतायत?"

सुनेत्रानं समोरचे कागद उलटले. बाईंच्या हस्ताक्षरातली सूचना होती, शेवटच्या भागात चारही वादकांनी बाराव्या मागाकडे कान ठेवून वाजवायचं. ती ते वाचून मला मराठीत सांगत होती तेव्हा तिचा आवाज मधेच थांबला. मला ओठ दिसले. तिनं नुसत्याच ओठांनी काहीतरी म्हटलं, ते तिच्या पुण्याच्या स्टुडिओतलं असावं, सासऱ्यासमोर मोठ्यानं म्हणण्यासारखं नव्हतं.

रिकामा माग कसा वाजतो हे शब्दात सांगणं अवघड आहे, आणि मला शब्द उशिरा मिळाले. धागा असला की फणी प्रत्येक फेरीला त्याला आत दाबते, कापडाच्या काठावर धप्पकन बसते. धागा नसला की फणी तितकीच जोरात येते आणि तिला अडवायला काही नसतं. जिन्यात आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा तसं. पण असा आवाज सहसा ऐकायला मिळतच नाही, कारण धागा संपला की मागाला थांबवणारा एक लोखंडी काटा असतो. तो धागा चाचपतो, सापडला नाही की माग बंद. मग हा बारावा नऊ मिनिटं कसा चालला? मी गिरणीचा फोटो मागितला. सुनेत्रानं मोठा करून दाखवला. ते माग आमच्यापेक्षा शहाणे, बाजूला कांड्यांचं चक्र, एक संपली की दुसरी आपोआप. पण चक्रातल्याही संपल्या तर काटा आहेच. म्हणजे कुणीतरी काटा बांधला होता. हे मी बोललो आणि पुढचं बोललो नाही, कारण तोवर मी दुसऱ्याच शेडमध्ये पोचलो होतो.

ओमकार तेव्हा आठ महिन्यांचा. शेडच्या मागे सूत ठेवायच्या खोलीत त्याची झोळी बांधलेली असे. मागांचा आवाज चालू असला तरच हा गाढ झोपायचा. वीज गेली की शेड शांत आणि पोर जागं. एकदा ताप आला तेव्हा दोन दिवस डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या दुपारी सणामुळे बाकी माग बंद होते, मी दुरुस्त केलेला एकच तपासायला चालवत होतो, आणि त्या एकट्या मागावर पोराला झोप लागली. लीला झोळीशी उभी. माझ्याकडची कांडी संपत आली, सुताची खोली धुंडाळायची तर झोळी हलणार. मी दांड्याकडे हात नेला. लीलानं ओठांनी म्हटलं, थांबवू नका. मी बनियनची पट्टी फाडली, काटा बांधून टाकला. तासभर माग रिकामा चालला. मालक देवदत्तशेठ आले, बघत उभे राहिले, म्हणाले, मोरेश्वर, हे कापड मला दिसत नाही, तुला दिसतंय का? मी झोळीकडे बोट केलं. त्यांनी शिवी घातली, पण तीही ओठांनीच. त्या एका तासात मी तो आवाज इतका ऐकला की तो माझ्या हाडात कुठेतरी बसला असणार, आणि त्रेचाळीस वर्षांनी एनस्खेडेत, जिथल्या जुन्या गिरण्यांमध्ये आता लोक घरं करून राहतात, त्यानं माझा कप उडवला.

"म्हणजे तुमचं म्हणणं," सुनेत्रा म्हणाली, "की हा बिघाडच नाही."

"कुणीतरी मुद्दाम चालू ठेवला."

"बाबा, बाईंना पन्नास वर्षं वाटतंय की टेप खराब आहे. आणि मी त्यांना काय सांगू, माझ्या सासऱ्यांना ऐकू कमी येतं पण ते म्हणतात तसं नाहीये?"

"तसंच सांग," लीला दारातून म्हणाली. "फक्त पडद्याचंही सांग, म्हणजे विश्वास बसेल."

सुनेत्रा हसली, पण लगेच पुन्हा कागदांकडे वळली. तिचं खरं होतं. तिला दुरुस्तीला बोलावलं होतं आणि ती बोलावणाऱ्यालाच चूक म्हणणार होती, तेही पहिल्याच मोठ्या कामात. बाई चिडल्या, कंपनीला काही बोलल्या, तर खोक्यावरचं नाव गेलं. आणि न बोलता तिनं ती नऊ मिनिटं सफाईनं बदलली, तर कुणीतरी बांधलेला तो काटा कायमचा सुटला. मी म्हणालो, मला बाकीच्या दहा ऐकव. कशाला, तिनं विचारलं. जॉबर एका मागाचं ऐकून बोलत नाही, मी म्हणालो.

बुधवार अख्खा मी ऐकण्यात घालवला. मला संगीतातलं कळत नाही. पण ती बाई ज्याला चाल म्हणते ती मला ओळखीची होती, फेरीवर फेरी, तेच तेच आणि तरी दर वेळी एक धागा पुढे. कुठे सगळी व्हायोलिनं, कुठे पियानो आणि लाकडी ठोकळे, एकात नुसत्या बायका गाणाऱ्या, शब्द नाहीत. मी वही घेऊन बसलो होतो. माझं अक्षर मोठं आहे, एका ओळीत पाच-सहा शब्द मावतात. आणि ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक रचनेत केव्हातरी एक वादक रिकामा होतो. हात चालतो, ताल चुकत नाही, पण सूर काढून घेतलेला असतो. पियानोवाला पट्ट्यांवर बोटं नुसती टेकवतो. गाणाऱ्यांतली एक बाई श्वासच फक्त घेते सोडते, तालात. दहाच्या दहा तबकड्यांत. पन्नास वर्षं ही बाई तो रिकामा माग बनवते आहे आणि तिला माहीत नाही की तो कुठून आला. मला भयंकर आनंद झाला. दुपारी तीन वाजता मी एकटाच हसायला लागलो आणि लीलानं येऊन कपाळाला हात लावून बघितला. मी सगळं लिहून काढलं, कितवी तबकडी, कितवं मिनिट, काय रिकामं झालं. शेवटी बाराव्या मागाचं लिहिलं, काट्याचं, आणि झोळीचंही. चार पानं झाली. एवढं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. सुनेत्रानं उभ्यानंच वाचलं आणि म्हणाली, "गुरुवारी दोन्ही ऐकवू. आधी त्यांनी सांगितलेलं."

मिरियमबाई दुपारी चारला आल्या. उंच, वाकलेल्या, पांढरे केस मुलासारखे कापलेले, हातात काठी. त्या बोलायला लागल्या आणि मी चपापलो. इंग्रजी मला येत नाही, पण त्यांचे ओठ प्रत्येक शब्दाला पूर्ण उघडत, पूर्ण मिटत, खोलीच्या पलीकडच्या माणसाला दिसावं असे. लीलानं मला कोपर मारलं. तिलाही दिसलं होतं. शेडमधल्या बाया अशा बोलतात.

सुनेत्रानं बदललेली नऊ मिनिटं लावली. बाईंनी डोळे मिटून ऐकलं, मान हलवली. स्वच्छ झालंय, म्हणाल्या, आभार. आता काम संपलं होतं. सुनेत्रा कितीतरी वेळ बटणावर बोट ठेवून उभी राहिली, मग तिनं माझी वही उचलली. इंग्रजीत वाचत गेली. मी बाईंचा चेहरा बघत होतो. पहिल्या पानाला त्या सभ्यपणे हसत होत्या. दुसऱ्या पानाला हसणं थांबलं. तिसऱ्याला त्यांनी सुनेत्राला मधेच काहीतरी विचारलं, जरा कडक आवाजात. सुनेत्राच्या मानेवर लाल डाग आले. तिनं मराठीत मला म्हटलं, "विचारतायत, तिसऱ्या तबकडीतलं हे ह्यांना कुणी सांगितलं?"

"कुणी नाही म्हणावं. कानांनी."

सुनेत्रानं राहिलेलं पान वाचलं. मग बाई म्हणाल्या, लाव. जसं होतं तसं.

बारा माग सुरू झाले. तेराव्या मिनिटाला ती जागा आली. मी ह्या खेपेला दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो होतो. फणी आली आणि तिला अडवायला काही नव्हतं. त्याच क्षणी मला दिसलं, सोफ्याच्या कडेला बाईंचा उजवा हात खाली गेला होता आणि मूठ वळली होती. त्यांनी त्या मुठीकडे बघितलं, दुसऱ्या कुणाची असल्यासारखं. मग माझ्याकडे बघितलं. आणि सावकाश, तोंड भरून, बोलायला लागल्या, सुनेत्रा मागे मागे मराठीत. बारावा माग माझ्या आईचा होता. मी तिला सांगितलं होतं, आई, बावीस मिनिटं काहीही होवो, थांबवायचा नाही. मी बाहेर गाडीत हेडफोन लावून बसले होते. आवाज विरला तशी टेपवाल्याला वाटेल ते बोलले. आई बाहेर आली, विचारलं, चांगलं झालं ना? मी म्हटलं, वाया गेलं. तिनं विचारलं नाही का वाया गेलं. मीही सांगितलं नाही. शेवटचा दिवस, कामगारांना नवीन कांड्या दिल्याच नसतील.

त्या थांबल्या. लीलानं पाण्याचा पेला पुढे केला, त्यांनी तो नुसता हातात धरला.

"विचारतायत, तो काटा कशानं बांधतात?" सुनेत्रा म्हणाली.

"हाताला लागेल त्यानं. मी बनियन फाडला होता."

सुनेत्रानं सांगितलं आणि बाई हसायला लागल्या. आधी ओठच हसले, मग खांदे, मग पेल्यातलं पाणी त्यांच्या स्कर्टवर सांडलं. त्या संध्याकाळी, त्या म्हणाल्या, आई घरी आली तेव्हा तिच्या एप्रनची एक नाडी नव्हती. एका हातानं एप्रन धरून तिनं बटाटे सोलले. मी चिडलेली होते, पण ते बघितलं होतं. पन्नास वर्षं ते बटाटे मला आठवतायत आणि का ते कळत नव्हतं. लीला म्हणाली, "सांडू दे हो पाणी, ह्या घरात रोजचंच आहे," आणि सुनेत्रानं तेही भाषांतर करून टाकलं.

बाईंनी काठीनं जमिनीवर एकदा ठोकलं. ही तबकडी पहिली जाईल, म्हणाल्या, आणि तिला हात लावायचा नाही. आत पुस्तिकेत ही चार पानं, ह्यांच्याच अक्षरात. सुनेत्रानं ते मला सांगताना 'बाबा' एवढं म्हटलं आणि पुढचं इंग्रजीतच राहिलं. मला कळलं. मी म्हणालो, माझ्या अक्षराला मोठा कागद लागेल.

मग त्यांनी ती नऊ मिनिटं पुन्हा लावायला सांगितली. तेवढ्यात ओमकार आला, प्रयोगशाळेतून सायकलवर, वाऱ्यानं लाल झालेला, दोन रात्री कुठल्यातरी अहवालापायी धड झोपला नव्हता. बाईंना नमस्कार केला, "हाय आई, काय चाललंय" म्हणत सोफ्याच्या टोकाला टेकला. माग चालू होते. अकरा कापड विणत होते आणि बारावा आपला पळत होता, वाद्यं त्याच्यामागे, अगदी हळू. कुणीतरी एका हातानं एप्रन सावरत तिथे उभं होतं. पाचव्या मिनिटाला ओमकारची मान एका बाजूला पडली. सहाव्याला तो घोरायला लागला. पाहुण्यांसमोर, संगीतातल्या एवढ्या मोठ्या बाईंसमोर. सुनेत्रा शरमेनं लाल झाली आणि आवाज बंद करायला तिचा हात बटणाकडे गेला.

लीलानं मान वर केली. खोलीच्या त्या टोकाहून, ओठांनी, थांबवू नकोस. आणि मी बघितलं तर मिरियमबाईंचे ओठही हलत होते, त्यांच्या भाषेत, तेवढ्याच मोठ्यानं उघडत मिटत.

सुनेत्रानं हात मागे घेतला. ओमकारचं तोंड उघडं होतं.